वारणाकाठची तार

वारणा नदी म्हणजे सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची शीव. आमचं गाव शिराळा तालुक्यात, अलीकडच्या काठाला. ऊस मात्र पलीकडं, वारणानगरच्या कारखान्याला. लागणीची नोंद असो की वजनाची पावती, पूल ओलांडल्याशिवाय काम व्हायचं नाही.

देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं 1995 साली. त्यानंतर तीनच वर्षांनी आमच्या खोऱ्यातल्या 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. निम्मा खर्च केंद्राचा, 40 टक्के राज्याचा, उरलेला वारणा समूहाचा. बाजारभाव, शेतीसल्ला, आरोग्य, शिक्षण, सगळं गावातल्या संगणकावर मिळणार होतं.

शेतकरी त्या संगणकाच्या खोलीत जायचा तो मात्र तोड कधी येणार, किती टन भरला, खत किती उचललं, एवढंच विचारायला. हे काम लहान नव्हतं, बरं का! उसाच्या पट्ट्यात पावती वेळेवर हातात पडणं म्हणजे काय, ते शहरातल्या टीकाकारांना सांगून कळायचं नाही. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला कारखाना होता, जग नव्हतं. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले. तीच माहिती स्वस्तात मिळाली, आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त आवडली. म्हणजे एवढ्या संगणकांचं काम चार ओळींच्या संदेशात मावत होतं.

म्हणून 2015 साली फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'चा वाद पेटला, तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. कंपनीनं निवडलेली संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांसाठी पैसे; म्हणजे इथंही तारेच्या दुसऱ्या टोकाला जग नव्हतं, कंपनी होती. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, असं शहाणी माणसंही म्हणत होती. त्या वर्षी खुल्या इंटरनेटसाठी दूरसंचार नियामक ट्रायकडं दहा लाखांवर ईमेल गेले आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायनं असे भेदभावाचे दर बंद केले. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला.

आता गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्या पारावर पोरं फोन काढून बसतात. साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यानं उसाला पहिली उचल किती जाहीर केली, साताऱ्याकडं रेठऱ्याच्या कृष्णेनं किती, वारणेचा आकडा काय, सगळं शेजारी शेजारी. शेजारच्या कारखान्याचा दर आपल्या कारखान्याच्या तारेवरून कोण कशाला पाठवेल?