संतपदक आणि संतचरित्र : गोमंतकातील एक सांस्कृतिक भाषांतर

गळ्यात धारण केलेले संताचे पदक हा कॅथलिक भक्तीचा नित्यपरिचित आविष्कार होय. एका बाजूस संताची प्रतिमा, तिच्याभोवती त्याचे नाव वा लहानशी प्रार्थना आणि वर साखळीसाठी कडी, एवढाच त्याचा पसारा. वाङ्मयेतिहासात अशा अलंकाराला सहसा स्थान मिळत नाही. गोमंतकाच्या संदर्भात मात्र संतपदक आणि संतचरित्र यांचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते. कारण दोहोंपुढील प्रश्न एकच होता : परिचित रूपात नवा आशय घातला असता जुना अर्थ कितपत शिल्लक राहतो?

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात आले. सहकाऱ्यांच्या पत्रांवरील सह्या कापून आपण त्या सतत जवळ बाळगतो, असे त्यांनी १५४६ मध्ये आंबोन बेटावरून लिहिलेल्या पत्रात कळविले आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी शांगच्वान बेटावर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या गळ्यातील डबीत इग्नेशियस लोयोला यांची सही, स्वतःच्या व्रताचा मजकूर आणि संत थॉमस यांचा अस्थिअंश होता. म्हणजे ही कंठस्थ वस्तू अंशतः लिखितच होती. १६२२ मध्ये झेवियर यांना संतपद मिळाले आणि ती डबी वागविणारा स्वतःच इतरांच्या गळ्यातील प्रतिमा झाला.

धर्मसत्तेला या रूपांची धास्तीही होती. ख्रिस्तेतर कारागिरांकडून पूजोपयोगी वस्तू घडवून घेण्यास १५६७ च्या गोव्यातील प्रांतिक धर्मपरिषदेने मनाई केली. तरीही स्थानिक हस्तकौशल्यावाचून चालले नाही. झेवियर यांच्या अवशेषांची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोमंतकीय कारागिरांनीच घडविली. तिच्यावरील ३२ प्रसंगचित्रे हे धातूत लिहिलेले चरित्रच आहे. पदक त्याच चरित्राचा संक्षेप करते : बाळ येशूला कडेवर घेतलेला साधू दिसताच पाद्वाचे संत आंतोनी ओळखू येतात.

साहित्यातही हीच प्रक्रिया घडली. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’ने ओवी आणि पुराण ही रूपे स्वीकारली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला. आंतोनियु द साल्दान्य यांनी संत आंतोनीचे चरित्र १६५५ मध्ये देशी भाषेत आणले.

तथापि रूपसाम्यावरून अर्थसाम्य गृहीत धरणे धोक्याचे आहे. घोड्यावरील खंडोबाचा टाक आणि संताचे पदक, दोन्ही धातूच्या लहान पत्र्यावर उमटलेल्या प्रतिमा आहेत. परंतु टाक देव्हाऱ्यात बसतो आणि पूजा घेतो. पदक आशीर्वादित होऊन अंगावर राहते आणि संताच्या मध्यस्थीचे स्मरण देते. प्रतिमेत स्वयंभू सामर्थ्य नसते, हे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्येच स्पष्ट केले होते. पदकाला ताईत मानण्याविरुद्धची सीमारेषा ती हीच.

धारण करणाऱ्याच्या मनात मात्र ही रेषा नेहमीच इतकी ठळक असेल असे नाही. संकटात पदकाकडे जाणारा हात सिद्धांत आठवून जात नाही. ‘वैकुंठ’ हा शब्द जसा जुन्या श्रोत्याच्या कानी जुने ध्वनी घेऊनच पडला असेल, तसेच पदकाचेही झाले असावे. धर्मांतराच्या तौलनिक अभ्यासाला म्हणूनच ग्रंथांतील शब्दांबरोबर गळ्यातील धातूही वाचावा लागतो.