अंगणातली संगीतशाळा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलुंडला आमच्या वाडीत आश्विन महिना लागला की संध्याकाळी अंगणात पाट मांडला जायचा. पाटावर हत्ती काढलेला, भोवती मुलींचा फेर आणि खिरापत काय आहे ते ओळखण्याची घाई. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. त्याच सुमारास शाळेच्या समूहगीतात बाईंनी मला हळूच सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." भोंडल्याच्या फेरात मात्र असं कुणी म्हणालं नाही. उजव्या हाताला एक थोराड मुलगी, डाव्या हाताला शेजारच्या काकू. दोघींच्या मध्ये मी मोठ्याने गायचे, चुकायचे आणि पुढचं कडवं येईपर्यंत सावरायचे.

पुढे मी स्वतः लहान मुलांना गाणं शिकवू लागले, तेव्हा त्या फेराचं महत्त्व कळलं. भोंडल्याची बरीचशी गाणी चार-पाच सुरांतच फिरतात. चाल सोपी, ओळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या. काही गाण्यांत सासू-सासरे, दीर-नणंद अशी एकेका नात्याची भर पडत जाते आणि दर वेळी मुखड्यावर परत यावं लागतं. शास्त्रीय गायक आलापानंतर समेवर येतो, त्याची ही पहिली उजळणीच. झिम्म्यात टाळी चुकली तर समोरच्या मुलीचा हात सापडत नाही; लय चुकल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. फुगडीत मुली तोंडाने पकवा घालतात, तेव्हा श्वासच वाद्य होतो. माधव ज्यूलियन यांनी 'छंदोरचने'त आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तन आणि सहा मात्रांच्या आवर्तनाला भृंगावर्तन म्हटलं आहे. तबलजी त्याच मात्रांत केरवा आणि दादरा वाजवतो. चार वर्षांच्या मुलीला यातलं एकही नाव ठाऊक नसतं, पण तिची पावलं बरोबर पडतात.

मग संगीत शिकवण्याच्या आपल्या इतिहासात या फेराला जागा का मिळाली नाही? याचं उत्तर शोधताना थोरांवर अन्याय होऊ नये. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये मुंबईत त्याची शाखा सुरू केली. तोवर घराण्यांच्या चार भिंतींत असलेली विद्या त्यांनी सामान्य घरांतल्या मुलामुलींसाठी खुली केली. लहानांसाठी 'संगीत बालप्रकाश'सारखी क्रमिक पुस्तकं लिहिली. वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित भातखंड्यांनी सरगमगीतं आणि लक्षणगीतं रचून राग समजावण्याची वाट सोपी केली. पलुस्करांच्या निधनानंतर 1931 मध्येच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं आणि 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' या परीक्षा पुढे घराघरांत पोचल्या. हे कार्य फार मोठं आहे. पण ही वाट वही घेऊन एका जागी बसू शकणाऱ्या मुलासाठी होती. तीन-चार वर्षांचं मूल बसत नाही. ते गातं तेच मुळी हलत-डुलत.

अशा मुलांचा विचार दुसऱ्या वाटेने झाला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ताराबाईंनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. बोरिवलीच्या पुढे याच पश्चिम रेल्वेवर, डहाणूच्याही पलीकडे घोलवड स्टेशन लागतं. तिथून बोर्डी जवळच. माँटेसोरी पद्धतीत स्वर ओळखायला घंटांचा संच असतो. असली महाग साधनं खेड्यात कुठून आणणार? ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पानं हाताशी घेतली. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच रूढ झाला आणि 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर गेला. बडबडगीत, हातवाऱ्यांचं गाणं, फेर धरून खेळ हे बालवाडीच्या दिवसाचा भाग झाले. मात्र त्यांची नोंद 'संगीतशिक्षण' म्हणून कुणी केली नाही.

हंगेरीत ती झाली. झोल्तान कोदाय या संगीतकाराने बेला बार्टोकबरोबर गावोगाव हिंडून लोकगीतं गोळा केली. मुलाची पहिली संगीतभाषा मातृभाषेतल्या लोकगीतांचीच असावी, असा त्याचा आग्रह होता. त्या प्रचंड संग्रहाचा पहिला खंड 1951 मध्ये निघाला, तो मुलांच्या खेळगाण्यांचा! त्याच्या आदल्या वर्षी केचकेमेट गावात गाण्यावर भर देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली होती. आधी खेळ, मग कान, मग स्वराचं नाव आणि शेवटी लिपी, हा क्रम कोदायच्या नावाने आज जगभर शिकवला जातो. आपल्या आज्यांनी तो कधी लिहून ठेवला नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्या उपनगरांत तर या शाळेला शेजारही चांगला मिळाला. 1957 मध्ये मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत आली. गिरगाव-दादरची मराठी कुटुंबं वाड्यांत आणि चाळींत राहायला आली, ती भोंडला घेऊनच. घाटकोपर-मुलुंडला शेजारी गुजराती घरं. नवरात्रात एका अंगणात हत्तीभोवती फेर, पलीकडे दिव्याभोवती गरबा. खिरापत खाऊन आम्ही गरब्यात शिरायचो आणि निराळी टाळी पायात भिनायची. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांड्यांनी 1953 च्या 'देवबाप्पा' चित्रपटासाठी 'नाच रे मोरा'ला चाल दिली. सत्तर वर्षांनंतरही स्नेहसंमेलनात ते गाणं लागलं की मुलं जागेवर उभी राहत नाहीत. गदिमांच्या शब्दांइतकाच हा खेळत्या ठेक्याचाही विजय आहे.

आता वाड्या गेल्या, टॉवर आले. भोंडला सोसायटीच्या हॉलमध्ये होतो. होतो हे चांगलंच. पण बऱ्याच ठिकाणी गाणी स्पीकरवर लागतात आणि मुली नुसत्या फिरतात. स्पीकर कुणासाठी थांबत नाही, कुणाची पट्टी बघत नाही. काकू मात्र थांबायच्या. एखादी चिमुरडी मागे राहिली की मुखडा पुन्हा घ्यायच्या, आवाज खाली आणायच्या. शिकवणं म्हणतात ते हेच ना? पालक माझ्याकडे येतात ते 'प्रारंभिक'ला कधी बसवता, असं विचारत. मी म्हणते, बसवू. आधी वर्षभर उभं राहू द्या.

वर्गात मी पेटी पांढरी दोन ते पांढरी सहाच्या मध्येच ठेवते, कारण बहुतेक लहान मुलांचा आवाज तिथे सहज लागतो. आधी फेर, मग समेला टाळी, मग टाळीच्या जागी गप्प राहणं. सहा महिन्यांनी सांगते, या टाळीला सम म्हणतात. मुलं हसतात, त्यांना ती केव्हाच भेटलेली असते.

आणि आता वाटतं, शाळेतल्या त्या समूहगीतात मी बेसूर नसेनही. पट्टीच माझ्या आवाजाला उंच असेल. ते बघायला कुणी थांबलं नाही. म्हणून यंदा आश्विनात स्पीकर बंद ठेवून बघा. आजीला सुरुवात करू द्या, आणि ज्या मुलाचा सूर लागत नाही त्याला दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये उभं करा.