ह्वांगशान

ह्वांगशान ही चीनच्या आंह्वी प्रांताच्या दक्षिण भागातील एक पर्वतरांग आहे. उभे ग्रॅनाइट सुळके, खडकांच्या भेगांत वाढलेले पाइन वृक्ष, शिखरांखाली पसरणारे ढग आणि गरम पाण्याचे झरे यांसाठी ती प्रसिद्ध आहे. युनेस्कोने १९९० साली तिचा समावेश जागतिक वारसा स्थळांच्या यादीत केला. नैसर्गिक आणि सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर निवडल्या गेलेल्या मोजक्या स्थळांपैकी हे एक आहे. दरवर्षी येथे लक्षावधी पर्यटक येतात. त्यामुळे या गर्दीपासून शिखरांचे व वृक्षांचे रक्षण करणे हा येथील व्यवस्थापनापुढील मुख्य प्रश्न आहे.

== नाव ==
या पर्वताचे जुने नाव यीशान असे होते. चिनी आख्यायिकेनुसार ह्वांगदी म्हणजेच 'पीत सम्राट' याने येथे अमरत्व देणारे औषध सिद्ध केले. तांग घराण्यातील सम्राट श्वेनत्सोंग याच्या काळात, इ.स. ७४७ मध्ये, राजाज्ञेने पर्वताला ह्वांगशान हे नाव देण्यात आले. 'ह्वांग' म्हणजे पिवळा आणि 'शान' म्हणजे पर्वत. मात्र हे नाव खडकांच्या रंगावरून नव्हे, तर या सम्राटाच्या आख्यायिकेवरून पडले, असे मानले जाते.

== भूरचना व हवामान ==
येथील ग्रॅनाइट मध्यजीव महाकल्पात भूपृष्ठाखाली तयार झाला. पुढे भूकवचाच्या उत्थानामुळे व वरचे थर झिजून गेल्यामुळे तो उघडा पडला. खडकातील उभ्या भेगा जेथे दाट आहेत तेथे टोकदार सुळके, तर जेथे विरळ आहेत तेथे घुमटाकार शिखरे बनली. सुळक्यांच्या घडणीत हिमनद्यांचाही वाटा होता, असे काही भूवैज्ञानिक मानतात. हे मत सर्वमान्य नाही.

ल्येनह्वा फंग (कमळ शिखर) हे सर्वोच्च शिखर १,८६४ मीटर उंच आहे. क्वांगमिंग दिंग आणि थ्येनतू फंग ही अन्य प्रमुख शिखरे आहेत. हवा दमट असल्याने वर्षातील बराच काळ धुके असते. दऱ्यांमध्ये ढग साचले की केवळ शिखरे वर राहतात. या दृश्यास 'मेघसागर' म्हणतात. हिवाळ्यात बर्फ पडते.

== कला व साहित्य ==
तांग काळातील कवी ली पो याने या पर्वतावर कविता रचल्या. मिंग काळातील प्रवासी व भूगोललेखक श्यू श्याख याने १६१६ आणि १६१८ साली येथे प्रवास करून त्याची वर्णने लिहून ठेवली. सतराव्या शतकात होंगरन, मेई छिंग व शिताव या चित्रकारांनी ह्वांगशानची असंख्य चित्रे काढली. धुक्यातून वर आलेला सुळका आणि कड्यावरचा वाकडा पाइन ही चिनी निसर्गचित्रांची ओळख होण्यात या चित्रांचा मोठा वाटा आहे.

== पर्यटन ==
१९७९ च्या जुलै महिन्यात चिनी नेते तंग श्यावफिंग यांनी वयाच्या ७५ व्या वर्षी या पर्वतावर चढाई केली व येथील पर्यटनाचा विकास करण्याचे आवाहन केले. १९८६ साली पहिला रोपवे सुरू झाला. आता पर्वताच्या वेगवेगळ्या बाजूंना रोपवे असून पश्चिमेकडील दरीत उतरण्यासाठी रुळांवरील गाडी आहे. थुनशी हे सर्वांत जवळचे मोठे शहर आहे. २०१५ व २०१८ साली सुरू झालेल्या द्रुतगती रेल्वेमार्गांमुळे हा प्रदेश अनुक्रमे हफै आणि हांगचौ या शहरांशी जोडला गेला.

पायी चढण्यासाठी खडकात कोरलेल्या हजारो पायऱ्या आहेत. पूर्वेकडील वाट तुलनेने लहान व सोपी आहे. पश्चिमेकडील वाट लांब व खडी असली तरी तिच्यावरून अधिक देखावे दिसतात. सूर्योदय पाहू इच्छिणारे पर्यटक माथ्यावरील हॉटेलांत मुक्काम करतात. माथ्यावर लागणारे सामान खांद्यावर बांबूची कावड घेऊन हमाल पायऱ्यांनी वर नेतात व कचराही खाली आणतात. त्यामुळे वरच्या वस्तू महाग असतात.

पर्वताच्या परिसरातील शीदी व होंगत्सुन ही जुनी गावे २००० सालापासून स्वतंत्र जागतिक वारसा स्थळ आहेत. ह्वांगशान माओफंग हा येथील हिरवा चहा चीनभर प्रसिद्ध आहे.

== संवर्धन ==
खडकावर मातीचा थर अत्यंत पातळ असल्याने वाटेबाहेर पडलेली पावले झाडोरा व माती दोन्ही नष्ट करतात आणि एकदा वाहून गेलेली माती पुन्हा साचण्यास दीर्घ काळ लागतो. म्हणून ल्येनह्वा फंग आणि थ्येनतू फंग ही शिखरे आळीपाळीने काही वर्षे पर्यटकांसाठी बंद ठेवली जातात. या काळात वनस्पती पुन्हा वाढतात व पायऱ्यांची डागडुजी होते. एखादे प्रसिद्ध शिखर बंद असल्याने दूरवरून आलेल्यांची निराशा होते. तरीही हा नियम पाळला जातो.

युफिंग शिखराजवळील 'यिंगख सोंग' (पाहुण्यांचे स्वागत करणारा पाइन) हा शेकडो वर्षांचा वृक्ष आहे. त्याची एका बाजूस पसरलेली फांदी स्वागताचा हात वाटते. त्याच्या देखरेखीसाठी स्वतंत्र रक्षक नेमलेला असून फांद्यांना टेकू दिलेले आहेत. पाइन वृक्ष सुकवणाऱ्या सूत्रकृमीचा चीनमध्ये प्रसार झाल्याने बाधित लाकूड या भागात येऊ नये, यासाठी तपासणी केली जाते.

२००४ साली ह्वांगशानला युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानाचा आणि २०१८ साली जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.