रत्नागिरी : माणसे बाहेर, पैसा घरी

‘मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा’ ही रत्नागिरीची जुनी ओळख. डोंगरउतारावरील तुटपुंजी भातशेती, खोती पद्धतीत पिचलेली कुळे आणि मुंबईला जोडणारी आगबोट, या कारणांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील तरुणांना गिरणगावाची वाट दाखविली. पुरुष मुंबईत, कुटुंब गावी आणि दरमहा पोस्टमनची प्रतीक्षा, अशी घराघरांतील व्यवस्था अनेक पिढ्या टिकली.

या स्थलांतराचा ठसा जनगणनेतही उमटला. २००१ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२२ स्त्रिया असताना रत्नागिरीत हे प्रमाण १,१३६ होते. शेती, गुरे आणि वृद्धांची देखभाल स्त्रियांनीच पेलली. मुंबईतून आलेला पैसा मात्र बहुतांशी किराणा, औषधपाणी, मुलांचे शिक्षण, घराची दुरुस्ती आणि गणपती-शिमग्याच्या सणांवर खर्च होत राहिला. गावागावांच्या मुंबईकर मंडळांनी मंदिरे आणि शाळांना हातभार लावला. गावात रोजगार देईल अशी गुंतवणूक त्यातून क्वचितच उभी राहिली.

१९८२ च्या गिरणी संपाने हे चक्र खिळखिळे केले. त्यानंतरच्या पिढीने नोकरी, व्यवसायासाठी मुंबईच गाठली. पण ती चाळीतल्या सामायिक खोलीत राहिली नाही. नालासोपारा, दिवा, डोंबिवली अशा उपनगरांत घर घेऊन तिने बायकामुलांनाही सोबत नेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तिने गावी येणे सोपे केले, तसे जाणेही.

परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ मध्ये १६,९६,७७७ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढत असताना येथे ८१,७०८ माणसे कमी झाली. त्या दशकात लोकसंख्या घटलेले राज्यातील अन्य दोनच जिल्हे होते : सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर.

दरम्यान पैशाला दुसरी वाटही फुटली. हापूसच्या बागांची राखण, आंबा उतरविणे आणि मच्छीमार नौकांवरील खलाशाचे काम यांसाठी नेपाळी कामगार मोठ्या संख्येने येथे येतात. त्यांच्या मजुरीतून नेपाळमधील घरे चालतात. रत्नागिरीचा तरुण मुंबईत राबतो, तर रत्नागिरीतील काम परमुलखातला माणूस करतो.

एकटा कमावता बाहेर पडला की पैसा घरी येतो. अख्खे कुटुंब बाहेर पडले की तो पाठवायचा कोणाला, हा प्रश्न उरतो. कागदी मनीऑर्डरची जागा आता बँक खात्याने आणि मोबाइलने घेतली आहे. पैसा क्षणात पोहोचतो. तो घेणारी म्हातारी माणसे जोवर गावात आहेत, तोवरच या ओघाचे आयुष्य आहे. त्यानंतर बंद दारांना जाग यायची असेल, तर गावातच काम उभे राहावे लागेल.