कुंपणाच्या भिंतीची गोष्ट

मैदानालगतची कुंपणाची भिंत आठवते ना? १९९३ चा डिसेंबर, आपण नववीत होतो. चित्रकलेच्या सरांनी त्या भिंतीवर वारली चित्र काढायचं ठरवलं. ती भिंत आज नाही, म्हणून तिचा इतिहास लिहून ठेवतो.

आपलं शहर वसवण्यासाठी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर दहा वर्षांनी आपल्या वर्गात गावातली आणि कॉलनीतली मुलं एकत्र बसत होती. डबे मात्र वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडत.

वारली चित्र मुळात एकट्याचं नव्हे. डहाणू-तलासरीकडे लग्नघरी सवाशिणी मिळून गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी असते. लग्नविधी सांगणारी धवलेरी गाणी म्हणते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे ही कला कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर चित्रकाराचं नाव आलं. लग्नघरच्या भिंतीवर ते नसे.

आपल्या भिंतीवरही नव्हतं. सरांनी चार-चार जणांचे गट पाडले, प्रत्येक गटात दोन गावातले, दोन कॉलनीतले. खाडी कशी काढायची यावरून पहिल्याच दिवशी भांडण झालं. कॉलनीतल्यांनी सरळ निळा पट्टा ओढला होता. गावातल्या एकाने तो पुसायला लावला आणि भरती-ओहोटी, मिठागरं, जाळी टाकायच्या जागा खडूने दाखवल्या. आपण त्याच खाडीवरून रोज ये-जा करत होतो, पण ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्याची आजी धवलारीण होती. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या त्या आजी एका संध्याकाळी भिंत पाहायला आल्या. म्हणाल्या, "चित्र झालं. गाणं कोण म्हणणार?" मग चपला काढून भिंतीसमोर बसल्या आणि स्वतःच गायल्या. सरही खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून डबे एका जागी उघडू लागले.

हल्ली नवी मुंबईत रस्तोरस्ती भिंती रंगवलेल्या दिसतात. सुबक असतात. पण जिथे शेजारच्या लोकांच्या हातात ब्रश गेलेला नाही, तिथे रंग उडाल्यावर मागे काय उरतं?

आपलं चित्र काही फार चांगलं नव्हतं. घोड्याला पाच पाय होते. दोन पावसाळ्यांत निम्मं गेलं, पुढे भिंतही पाडली. आता तिथे नवी, कोरी भिंत आहे. मेळाव्याच्या दिवशी आजच्या नववीतल्या मुलांसोबत ती रंगवायची का? आजी आता नाहीत. पण धवले आईला येतात, असं तो परवा फोनवर म्हणाला.