विद्यापीठ मागावे लागते

सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये आपल्यापैकी बहुतेकांचे कधी ना कधी जाणे झाले असेल. या परिसराचे जुने नाव सिपॉय लाइन्स. सिंगापूरच्या उच्चशिक्षणाचा इतिहास इथे सुरू झाला, तोही एका अर्जाने.

सप्टेंबर १९०४ मध्ये तान जियाक किम आणि चिनी व इतर समाजांच्या प्रतिनिधींनी गव्हर्नर सर जॉन अँडरसन यांच्याकडे वैद्यकीय शाळा मागितली. गव्हर्नरांनी अट घातली : आधी ७१,००० डॉलर जमवा. लोकांनी ८७,०७७ डॉलर जमवले; त्यांतले १२,००० एकट्या तान यांचे. जुलै १९०५ मध्ये स्त्रियांच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात शाळा भरू लागली. पुढे तिचे कॉलेज झाले आणि ८ ऑक्टोबर १९४९ रोजी रॅफल्स कॉलेजशी एक होऊन मलाया विद्यापीठ उभे राहिले. आजचे एनयूएस त्याच घराण्यातले.

पण नुसता पैसा पुरत नाही. १९५३ मध्ये तान लार्क साय यांनी चिनी माध्यमाच्या नानयांग विद्यापीठाची हाक दिली, तेव्हा सायकलरिक्षावाल्यांनीही दिवसाची कमाई दिली. विद्यापीठ उभे राहिले, पण सरकारने त्याच्या पदव्यांना मान्यता दिली ती १९६८ मध्ये. वर्गणीतून इमारत होते. पदवीची किंमत मात्र धोरण ठरवते. म्हणून विद्यापीठांना सरकारशी सतत बोलत राहावे लागते.

आपल्या पुण्याचेही तसेच. महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ हवे, ही मागणी जुनी. १९४२ मध्ये मुंबई सरकारने बॅ. मुकुंदराव जयकरांची समिती नेमली. १९४९ मध्ये, म्हणजे मलाया विद्यापीठाच्याच वर्षी, पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि जयकर पहिले कुलगुरू झाले.

तरीही एक दुखणे उरले. स्वतंत्र भारतात संशोधनाची मोठी साधने बहुतांशी वेगळ्या संस्थांकडे गेली आणि विद्यापीठांतले प्राध्यापक शिकवण्यापुरते उरले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष प्रा. यशपाल आणि डॉ. जयंत नारळीकर यांनी त्यावर उपाय काढला : साधने एकत्र ठेवायची, पण ती देशभरच्या विद्यापीठांसाठी खुली. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' उभी राहिली. लहान गावच्या कॉलेजातला प्राध्यापकही तिथे येऊन खगोलशास्त्रात संशोधन करू शकतो.

सिंगापूरमध्ये आज अर्ज घेऊन दारोदार फिरावे लागत नाही. २००६ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि २०२१ ते २०२५ या पाच वर्षांसाठी सुमारे २५ अब्ज डॉलर ठरवले गेले. पण पैसा वरून येऊ लागला की प्रश्नही वरूनच येऊ लागण्याचा धोका असतो. ज्या संशोधनाचा उपयोग आज दिसत नाही, त्याची बाजू विद्यापीठांनीच मांडायची असते.

आपली मुले इथल्या विद्यापीठांत शिकत आहेत, काही तिथे शिकवतही आहेत. त्यांना सिपॉय लाइन्सची ही गोष्ट जरूर सांगा. विद्यापीठ कुणीतरी मागितले होते, म्हणून ते मिळाले. ते टिकवण्यासाठीही कुणीतरी बोलावेच लागेल.