अपवाद-निवारणाचा इतिहास : निर्णय कोणाचा?

संगणकाच्या आज्ञावलीत नेहमीच्या क्रमाबाहेरची अवस्था उद्भवली, म्हणजे भाजक शून्य निघाला किंवा हवी ती फाइल सापडली नाही, तर तिला ‘अपवाद’ म्हणतात. अपवाद जेथे प्रथम कळतो तेथे बहुधा उपाय ठाऊक नसतो. आणि ज्या वरच्या आज्ञावलीला उपाय ठरविता येतो, तिला प्रसंगाचा तपशील दिसत नाही. हे अंतर भाषाकारांनी कसे सांधले, ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

१९६४ पासून आकारास आलेल्या पीएल-वन भाषेत अपवाद उद्भवताच पूर्वी नेमून ठेवलेला उपाय चालू होई, व काही प्रसंगी खंडित काम पुढे सुरू करता येई. परंतु या उपायाला प्राचले देण्याची सोय नव्हती. सामायिक चलांवरच विसंबावे लागे. १९७५ साली जॉन गुडइनफ यांनी अपवादांचे तीन वर्ग कल्पिले : काम संपविणे आवश्यक करणारे, संपविण्यास मनाई करणारे, आणि निर्णय निवारकावर सोपविणारे.

पुढे मात्र मतभेद तीव्र झाले. लिस्कोव आणि स्नायडर यांनी १९७९ मध्ये सीएलयू भाषेसाठी केवळ समाप्तीचा मार्ग पुरस्कारिला. १९८३ च्या अडा भाषेनेही तोच स्वीकारला. झेरॉक्सच्या मेसा भाषेत पुनरारंभाची मुभा होती. तिचा दीर्घ अनुभव असलेल्या जिम मिचेल यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये पालो आल्टो येथे सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीपुढे सांगितले की, सुमारे पाच लाख ओळींच्या एका प्रणालीत दहा वर्षांनंतर पुनरारंभाचा एकच उपयोग उरला होता. समितीने समाप्तीचा पक्ष घेतला.

तथापि, यावरून लवचिकताच व्यर्थ ठरते असे नव्हे. १९९४ साली प्रमाणित झालेल्या कॉमन लिस्पमध्ये, केंट पिटमन यांच्या परिश्रमातून, तिसरी वाट दिसते. समजा, नोंदी वाचताना एक ओळ सदोष निघाली. खालची आज्ञावली ‘ओळ गाळा’ किंवा ‘दुसरे मूल्य घ्या’ असे नामांकित पर्याय पुढे ठेवते. वरची त्यांतून निवड करते. निवड होईपर्यंत खालचे काम मोडले जात नाही. साधने खाली व धोरण वर, ही ती विभागणी होय.

ही विभागणी केवळ सोयीची बाब नाही. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ अग्निबाणाच्या दिशादर्शक यंत्रणेत ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. अपवाद कळला, पण त्यावरील धोरण संगणक बंद करण्याचे होते, कारण बिघाड यंत्राचाच असणार हे गृहीत धरलेले होते. राखीव संगणकही त्याच आज्ञावलीमुळे आधीच बंद पडला होता, आणि अग्निबाण नष्ट झाला. ज्या गणनेतून हे घडले, तिची उड्डाणानंतर आवश्यकताच नव्हती.

तात्पर्य, अपवाद ओळखणे हे अर्धेच काम होय. प्रसंगाचा व्यापक संदर्भ ज्याला दिसतो त्याच्या हाती निर्णय, आणि त्या निर्णयाला वाव देणारे पर्याय, ही दोन्ही भाषेने पुरविली पाहिजेत.